टीमने पहिली एमटीबी (माउंटन बाइक) एन्ड्युरन्स रेस करताय? या चुका टाळा

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर रविवारी सकाळी नवीन मुलं भेटली की प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, सहा तासांच्या रेसला चौघं जाऊन राहिलो, टायर कोणता घेऊ?" टायरचं नंतर बघू. आधी मला सांगा, चौघांपैकी प्रत्येकाला एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, मारायला किती मिनिटं लागतात? बहुतेकांना हे सांगता येत नाही, आणि रेसच्या दिवशीचे निम्मे घोटाळे इथूनच सुरू होतात.

पहिली लॅप जीव तोडून मारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अशा रिलेत चौघं पाळीपाळीने लॅप मारतात, एका वेळी टीमचा एकच जण ट्रॅकवर असतो आणि बाकीचे तिघं त्याच्या वेळेवर आपलं खाणं, आराम, तयारी बसवतात. नागपूरजवळच्या एका रेसमध्ये मी एका टीमच्या मदतीला होतो. त्यांनी सगळ्यात तगड्या मुलाला पहिला पाठवला. ठरलं होतं 40 मिनिटं. सुरुवातीच्या गर्दीत तो पुढच्यांच्या मागे लागला आणि 32 मिनिटांत परत आला. दुसरा भिडू तेव्हा गाडीत एसी लावून, बूट काढून पडलेला. पहिला बॅटन घेऊन ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पाळी बदलायच्या जागी, नाव घेऊन ओरडतोय, मी पार्किंगकडे धावतोय, आणि गाडीतल्याला एक मोजा सापडत नाहीये. कमावलेली आठ मिनिटं तिथेच गेली. त्यानंतरचं नुकसान मोठं होतं. त्या तगड्या मुलाची पुढची पाळी आली तेव्हा मांड्यांत गोळे आले, चढावर उतरून सायकल ढकलावी लागली, लॅप गेली 50 मिनिटांच्या वर. त्याच्या नंतरचा हेल्मेट घालून उन्हात ताटकळत उभा, अंगातलं पाणी घामावाटे जातंय.

म्हणून मी प्रत्येक टीमला एकच सांगतो: पहिल्या लॅपला चढावर एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करा, बाकीचे पुढे गेले तरी जाऊ द्या. लॅपच्या वेळा पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून तंबूला टांगा. ट्रॅकवर फोनला रेंज असेलच असं नाही. आणि ज्याची पाळी आहे तो ठरलेल्या वेळेच्या 15 मिनिटं आधी बूट, हेल्मेट, भरलेली बाटली घेऊन ट्रान्झिशनमध्ये हजर हवा. टीमला एखादा सुसाट गडी असण्यापेक्षा दर वेळी 42 मिनिटांत येणारे चौघं मला केव्हाही चालतील.

जोडीने सायकल चालवायची रेस असेल तर हेच आणखी कडक होतं. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक ही माउंटन बाइक रेस 2004 पासून दोघांच्या टीमने होते. तिथे दोन जोडीदारांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर वेळेचा दंड बसतो. आपल्याकडे जोडीने सराव करणारी मुलं काटोल रोडला लागली की दहा मिनिटांत एकमेकांना दिसेनाशी होतात. वेगवान असणाऱ्याने मागे राहून चालवायची सवय आधी करा, रेसच्या दिवशी ती येत नाही.

दुसरी चूक आपल्या मातीची आहे. अवकाळीची एक सर आली की काळी माती चाकाला थापली जाते, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि फ्रेममध्ये गच्च बसते, चाक फिरेनासं होतं. नवखा काय करतो? आणखी जोर लावतो. मग डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) खेचला जाऊन स्पोकमध्ये जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटतो. हँगर मुद्दाम कमकुवत बनवलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा, शेजारच्या टीमचा तुम्हाला बसेलच याचा भरवसा नाही. मग कुणीतरी व्हिडिओत पाहिलेला जुगाड काढतो: चेन छोटी करून सिंगलस्पीड करू, म्हणजे एकाच गिअरवर चालवू. फुल सस्पेन्शनवर (पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकलवर) मागचं चाक वरखाली झालं की चेनचा ताण बदलतो आणि ती उतरते किंवा तुटते. हार्डटेलवरही (मागे शॉकअप नसलेल्या सायकलवर) नशीब लागतं. इतके हजार खर्चून सायकल घेता, मग काहीशे रुपयांचा आपल्या मॉडेलचा हँगर आणि चेनच्या स्पीडला (मागच्या गिअरच्या संख्येला) जुळणारी क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, घ्यायला कंजुषी का? दोन्ही सीटबॅगमध्ये ठेवा, तंबूत नाही. चिखल दिसला की उतरा, सायकल उचलून गवताच्या कडेने चाला, आणि काडीने माती काढूनच पुन्हा बसा.

बाभळीचे काटे आणि सराटे आहेतच, त्यामुळे ट्यूबलेस टायरशिवाय येऊ नका. टायरमधलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, रेसच्या आठवड्यात टायर हलवून त्याचा आवाज ऐका. आवाज आला नाही तर नवीन भरा.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका, पोट बिघडतं.

सकाळी रेसला जाताना तर्री पोहे नकोत. संध्याकाळी हवे तेवढे खा.

नवीन बूट, नवीन सीट, नवीन एनर्जी जेल: रेसच्या दिवशी काहीच नवीन नको.

मागून वेगवान रायडर आला की बाजूला व्हा, पण रुंद जागा आल्यावर. अरुंद वाटेवर घाबरून एकदम ब्रेक मारलात तर दोघंही पडाल.

आणि बॅटन देण्याघेण्याचा सराव करा. हसू नका. अंबाझरीजवळ एखाद्या मोकळ्या जागी चौघं जमा, पूर्ण दमलेल्या अवस्थेत येऊन एकमेकांच्या हातात द्या. थरथरत्या हातातून ती पडते, आणि मग धुळीत शोधत बसावं लागतं.