चार कपाटांत विखुरलेलं पाणी

एमएला असताना मी 'शहरांचा पाणीपुरवठा' हा विषय घेतला आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. कॅटलॉगमध्ये 'पाणीपुरवठा' टाकलं, वर आलेल्या पहिल्या पुस्तकाचा कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, चिठ्ठीवर लिहून घेतला, ६२८.१, आणि थेट त्या कपाटापाशी जाऊन उभी राहिले. सगळी पुस्तकं जलवाहिन्या, गाळण्या आणि पंपांची. मला हवं होतं ते पाणी कोणाला मिळतं, किती मिळतं, दर कोण ठरवतं याबद्दल. ग्रंथालयात आपल्या विषयावर काहीच नाही असं ठरवून मी परतले आणि दोन आठवडे गेले.

मग संदर्भ विभागातल्या मॅडमना विचारलं. त्यांनी माझ्याच चिठ्ठीवर आणखी तीन आकडे लिहिले: ३३३.९१, ३६३.६१, ५५१.४८. पाण्याचं अर्थकारण पहिल्यापाशी, सार्वजनिक सेवा म्हणून पाणीपुरवठा दुसऱ्यापाशी, जलविज्ञान तिसऱ्यापाशी. मला हवी असलेली बरीचशी पुस्तकं ३६३.६१ ला होती, वेगळ्याच मजल्यावर.

हे आकडे अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये मांडलेल्या दशांश वर्गीकरणातले. त्यात सगळ्या ज्ञानाचे आधी दहा वर्ग पाडले जातात: ३०० ला सामाजिक शास्त्रं, ५०० ला विज्ञान, ६०० ला तंत्रज्ञान, असे. म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे याच्याआधी ते कोणत्या अंगाने लिहिलंय ते पाहतात, म्हणून एकच विषय चार कपाटांत जातो. तुमच्याकडे कोलन किंवा लायब्ररी ऑफ काँग्रेस यांपैकी दुसरी एखादी वर्गीकरण पद्धत असली तरी आधी ज्ञानशाखा हे सूत्र तेच राहतं. नव्या विद्यार्थ्याला ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता मी असं करते. कामाचं एक पुस्तक सापडलं की कॅटलॉगमधली त्याची पूर्ण नोंद उघडते. खाली विषयशीर्षकं दिलेली असतात, त्यांवर क्लिक केलं की त्या विषयाची पुस्तकं एकत्र दिसतात, मग ती कुठल्याही कपाटात असोत. स्वतःच्या मनाने शब्द टाकत बसण्यापेक्षा यात कितीतरी जास्त हाती लागतं.

कपाटापाशी आणखी एक चूक हमखास होते. ६२८.१६२ हे ६२८.१७ च्या आधी येतं, कारण हे दशांश आहेत. एकशे बासष्ट मोठे म्हणून पुढे शोधायला गेलात तर पुस्तक सापडणार नाही.

कॅटलॉगमध्ये 'उपलब्ध' दिसतंय आणि जागेवर नाही, असंही होतं. आजूबाजूचे दोन-तीन कप्पे आणि परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली बघा, तरीही नसेल तर काउंटरवर सांगा, ते शोधून ठेवतात. वाचून झालेलं पुस्तक स्वतः कपाटात ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं.

देवघेवीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. कार्ड मिळालं की किती पुस्तकं, किती दिवस आणि उशिराचा दंड किती, एवढं विचारून घ्या. कोश आणि नियतकालिकांचे बांधीव खंड सहसा घरी देत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी बसायचा वेळ काढूनच जा. पुस्तक दुसऱ्याकडे असेल तर आरक्षण टाका. तुमच्याकडच्या पुस्तकावर कोणी आरक्षण टाकलं असेल तर मात्र बहुधा ते रिन्यू होत नाही, म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवसावर विसंबू नका. ऑनलाइन जर्नल्स घरून उघडायची तर विद्यापीठाचं लॉगिन लागतं. लेखासाठी पैसे मागणारं पान दिसलं तर पैसे भरायच्या आधी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून आत जाऊन पाहा.

आणि एखादं पुस्तक आपल्याकडे नसेलच, तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज करा. पुष्कळांना ही सोय असते हेच माहीत नसतं. दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवून देतात, कधी हव्या त्या प्रकरणाची प्रत मिळते. यायला वेळ लागतो, म्हणून वाचायची यादी तयार झाली त्याच आठवड्यात अर्ज द्या. जाताना शीर्षक, लेखक, आवृत्ती, वर्ष आणि आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक) लिहून न्या.