स्लाइम रँचर खेळताय? आधी या चुका टाळा

"एकदम शांत खेळ आहे, डोकं लावायलाच लागत नाही," असं सांगून कोणीतरी नवख्याच्या हातात स्लाइम रँचर हा व्हिडिओ गेम देतं. काही दिवसांनी तोच नवखा विचारत येतो, की माझं अख्खं रँच काळं कसं झालं?

डोकं लावायला लागतं. थोडंच लागतं, पण ते सुरुवातीला लागतं. मोनोमी पार्कचा हा खेळ जानेवारी २०१६ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला, १ ऑगस्ट २०१७ ला पूर्ण झाला, आणि आजही नवे लोक त्याच त्या चार-पाच चुका करताना दिसतात. खेळाची नायिका बिआट्रिक्स लबो पृथ्वीपासून हजार प्रकाशवर्षं दूर, फार फार रेंज नावाच्या ठिकाणी येते, पाठीवर व्हॅकपॅक (वस्तू ओढून घेणारं आणि बाहेर फेकणारं यंत्र) असतो, समोर मोडकंतोडकं रँच. स्लाइम, म्हणजे जेलीसारखे गोलमटोल जीव, पकडायचे, कोरॅलमध्ये, म्हणजे कुंपणात ठेवायचे, खायला घालायचं, ते प्लॉर्ट नावाचे खडे टाकतात, प्लॉर्ट विकून न्यूबक्स, म्हणजे खेळातले पैसे मिळवायचे. इतकं सरळ आहे म्हणून लोक पुढचा नियम नीट वाचत नाहीत. एका जातीच्या स्लाइमने दुसऱ्या जातीचा प्लॉर्ट खाल्ला, की तो फुगून दोन्ही जातींचा लार्गो होतो. आणि लार्गोने तिसऱ्याच जातीचा प्लॉर्ट खाल्ला, की त्याचा टार होतो. टार म्हणजे काळा, अंगावर तेलासारखे रंग चमकणारा, दिसेल तो स्लाइम खाणारा आणि खाऊन स्वतःसारखे आणखी तयार करणारा. रँचवरची बहुतेक संकटं या एका ओळीतून निघतात.

लार्गो करायची घाई

माझ्या भाच्याने खेळ सुरू केला तेव्हा त्याने आधी एक "झटपट श्रीमंत व्हा" छापाचा व्हिडिओ पाहिला होता. मला म्हणाला, "मावशी, लार्गो म्हणजे एका तोंडाचं खाणं आणि दोन प्लॉर्ट. साधे स्लाइम ठेवायचेच कशाला?" हिशोब म्हणून बरोबर आहे. पण त्याने शेजारी-शेजारी चार कोरॅल बांधले: गुलाबी-टॅबी, गुलाबी-रॉक, टॅबी-रॉक आणि शेवटी मॉस ब्लँकेट या भागातून आणलेल्या स्लाइमचा हनी-रॉक. चारही ठिकाणी ऑटो-फीडर बसवला, म्हणजे खाणं आपोआप पडत राहणार. उंच भिंती नाहीत, वर एअर नेट म्हणजे जाळी नाही, पडलेले प्लॉर्ट आपोआप गोळा करणारा प्लॉर्ट कलेक्टर नाही. "ते नंतर घेऊ, आधी पैसे येऊ देत."

पैसे आलेसुद्धा. तो प्लॉर्ट मार्केटसमोर उभा राहून एकेक प्लॉर्ट आत मारत होता आणि पाठीमागे काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. हनी स्लाइमच्या प्लॉर्टला गोड वास असतो, इतर स्लाइम त्याच्याकडे ओढले जातात. हनी-रॉकच्या कोरॅलमध्ये प्लॉर्टचा ढीग साचलेला. शेजारच्या टॅबी-रॉकने भिंतीवरून उडी मारली, हनीचा प्लॉर्ट गिळला, आणि तिथल्या तिथे टार झाला. त्याच कोरॅलमधले लार्गो त्याला आयते मिळाले. एकाचे दोन, दोनाचे चार. मग ते भिंती ओलांडून पुढच्या कोरॅलमध्ये.

मला व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्याने फोन स्क्रीनसमोर धरलेला होता. "मावशी, हे काळं काळं काय आहे?" मी एकच विचारलं, "पाणी आहे का?" नव्हतं. व्हॅकपॅकची पाण्याची टाकीच घेतलेली नव्हती. नशिबाने नुकत्याच विकलेल्या मालाचे न्यूबक्स हातात होते. त्याला आधी रँच हाऊसकडे पळवलं, टाकी घ्यायला लावली, मग एका रिकाम्या प्लॉटवर तळं बांधून घेतलं, तिथून पाणी खेचून फवारत फवारत तो कोरॅलपर्यंत आला. पाण्याने टार विरतो, दुसरा सोपा उपाय नाही. नुसता व्हॅकपॅकने ओढून लांब फेकला, तर तो मरत नाही, उड्या मारत परत येतो. सगळं आटोपलं तेव्हा चार कोरॅलमध्ये मिळून मूठभर लार्गो उरले होते.

यात शिकण्यासारखी गोष्ट अशी, की "दोन्ही कोरॅलमध्ये एक जात सारखी आहे, म्हणजे काळजी नाही" हा भाबडा समज आहे. गुलाबी-टॅबीच्या शेजारी गुलाबी-रॉक असेल, तर टॅबीवाल्यासाठी रॉकचा प्लॉर्ट तिसराच. गुलाबी दोघांत आहे म्हणून काही वाचत नाही. साधे स्लाइम लार्गोंच्या शेजारी ठेवले तरी धोका आहेच: गुलाबीने टॅबीचा प्लॉर्ट खाल्ला तर लार्गो, आणि मागोमाग रॉकचा खाल्ला तर टार. शेजारी-शेजारी दोन्हीकडे साधेच, एकेका जातीचे स्लाइम असतील, तर चुकून काही झालं तरी पहिल्या घासाला लार्गोच होतो, आणि तुम्हाला सावरायला वेळ मिळतो.

म्हणून माझी सवय ठरलेली आहे. सुरुवातीचे बरेच दिवस साधेच स्लाइम. लार्गो करायचे झाले, की कोरॅलला आधी उंच भिंती, मग एअर नेट, मग प्लॉर्ट कलेक्टर, आणि ऑटो-फीडर सगळ्यात शेवटी. लोक हा क्रम बरोबर उलटा लावतात, कारण फीडरने आपला त्रास वाचतो आणि नेटने लगेच काहीच मिळत नाही. दोन लार्गो कोरॅलच्या मध्ये मी एक बाग नाहीतर सायलो (माल साठवायचं कोठार) ठेवते. हनीचा कोरॅल सगळ्यात टोकाला. पाण्याची टाकी परवडेल त्या क्षणी घ्यायची आणि रँचवर असतानाही भरलेली ठेवायची. एका कोरॅलमध्ये मी सहा-आठ लार्गोंच्या वर जात नाही. गर्दी झाली की ते अस्वस्थ होतात, आणि अस्वस्थ स्लाइम धडका देत राहिले तर जाळीसुद्धा टिकत नाही. म्युझिक बॉक्स लावला की बरेच शांत राहतात. पण उपाशी आणि दाटीवाटीने कोंडलेल्या स्लाइमला गाणं ऐकवून काही उपयोग नाही.

खाण्याचं नियोजन न करता स्लाइम आणणं

रॉक भाजी खातो, टॅबी मांस खातो, फॉस्फर फळं खातो, गुलाबी काहीही खातो. नवखा माणूस फिरायला जातो, दिसेल तो गोंडस स्लाइम उचलून आणतो आणि मग रँचवर गाजरांशिवाय काही नसतं. उपाशी स्लाइम शांत बसत नाही. तो बाहेर पडतो, बागेतलं खातो, वाटेतला कोणाचाही प्लॉर्ट खातो. माझ्याकडे आधी बाग फळाला येते, मग त्या बागेवर जगणारा स्लाइम येतो. लार्गो करतानाही दोघांचा आहार एकच असेल अशी जोडी निवडावी: रॉक आणि रॅड दोघं भाजीवाले, फॉस्फर आणि हनी दोघं फळवाले. आवडतं खाणं दिलं तर प्लॉर्ट दुप्पट मिळतात, म्हणून रॉकसाठी हार्ट बीट, टॅबीसाठी स्टोनी हेन, हनीसाठी मिंट मँगो. एवढ्या तीन गोष्टी लावून धरल्या तरी लार्गोंच्या घाईची गरज उरत नाही, हे मी कितीदा सांगते, पण ऐकतं कोण.

कोंबड्यांच्या बाबतीत एकच लक्षात ठेवा: खुराड्यात किमान एक रूस्ट्रो, म्हणजे कोंबडा, असल्याशिवाय पिल्लं होणार नाहीत. हंटर स्लाइमला रूस्ट्रो फार आवडतो, म्हणून लोक आवडीने तोच भरवत सुटतात, आणि मग खुराडं वाढत का नाही म्हणून डोकं धरतात.

भरलेला व्हॅकपॅक घेऊन पुढे पुढे जाणं

हा खेळ शोधायचा आहे, मान्य. ड्राय रीफ या सुरुवातीच्या भागाच्या पलीकडे पहिल्यांदा इंडिगो क्वारी दिसते, ते निळसर दगड, आत लुकलुकणारे रॅड स्लाइम, तेव्हा परत फिरावंसं वाटत नाही. पण बेशुद्ध पडलात तर व्हॅकपॅकमधलं सगळं जातं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने घरी उठता. स्लाइम सी, म्हणजे भोवतालच्या समुद्रात पडलात तरी तेच. सुरुवातीला व्हॅकपॅकला फक्त चार खाने असतात आणि प्रत्येकात वीस नग. चारही खाने भरले, की त्या सफरीतलं तुमचं काम झालेलं असतं. त्यापुढचं प्रत्येक पाऊल जुगार आहे, आणि लोक नेमके तिथेच "अजून तो कोपरा बघून येऊ" म्हणतात.

सगळ्यात जास्त माल समुद्रात जातो तो जेटपॅकमुळे. जेटपॅक, म्हणजे उडवणारं यंत्र, ऊर्जा खातो आणि पळणंही तीच ऊर्जा खातं. पळत पळत कड्याच्या टोकाला यायचं आणि लगेच उडी घ्यायची, मग अर्ध्या वाटेत दम संपतो आणि थेट खाली. काठावर दोन क्षण थांबून ऊर्जेची पट्टी पूर्ण भरू द्या. एवढंही थांबवत नसेल, तर हा खेळ तुमच्यासाठी नाही, असं मला मनापासून वाटतं.

मी शोधायला निघते तेव्हा एका खान्यात गॉर्डोसाठी खाणं आणि टाकीत पाणी, बाकी रिकामं. माल गोळा करायला जाते ती फेरी वेगळी. गॉर्डो हे एका जागी बसलेले अवाढव्य स्लाइम, फुटेपर्यंत भरवायचे. काहींच्या पोटातून स्लाइम की मिळते आणि तिने पुढचं दार उघडतं. त्यांनाही आवडतं खाणं द्या, कमी नगांत काम होतं. गुलाबीला आवडतं असं काही नाही, त्याला घरात जे उरलंय ते चालतं.

आता बाकीच्या, पटापट. फॉस्फर स्लाइम उन्हात नाहीसे होतात, सोलर शील्डशिवाय (ऊन अडवणाऱ्या आच्छादनाशिवाय) आणू नका, किंवा रँचच्या ग्रोटो नावाच्या गुहेत ठेवा. पडल स्लाइमला तळं लागतं आणि गर्दीत तो लाजून प्लॉर्ट देणं थांबवतो. एकाच जातीचे प्लॉर्ट एकदम ओतले की बाजारात त्याचा भाव पडतो, फलकावरचे बाण बघा आणि थोडा माल सायलोत ठेवा. बूम स्लाइम फुटतात, त्यांच्या कोरॅलला टेकून उभे राहू नका. लॅब (रँचचा वाढीव भाग) उघडायला सगळी शिल्लक घालवू नका, ड्रोन आणि टेलिपोर्टर मागाहून आले तरी चालतात. कोणाचा तरी अमर्याद न्यूबक्सवाला मॉड टाकून खेळलात, तर दोन संध्याकाळींत सगळं विकत घेऊन होईल आणि तिसऱ्या संध्याकाळी करायला काही उरणार नाही. टारची भीतीच नको असेल, तर कॅज्युअल मोड आहे ना. तो निवडण्यात काही कमीपणा नाही, उलट लहान मुलांना तोच लावून द्यावा.

रँच आधीच काळं झालं असेल, तर कृपा करून नवीन सेव्ह सुरू करू नका. हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि तो चुकीचा आहे. व्हॅकपॅकचे अपग्रेड, उघडलेली दारं, स्लाइमपीडिया या खेळातल्या माहितीकोशातल्या नोंदी, बागा, सायलोतला माल, सगळं तुमच्याजवळच आहे, गेलेत फक्त स्लाइम. पाणी भरून एकेक टार विरवा. जमिनीवर इकडेतिकडे पडलेले प्लॉर्ट आधी उचला, नाहीतर वाचलेला एखादा लार्गो त्यातलाच एक खाईल आणि पुन्हा पहिल्यापासून. उरलेले लार्गो जोडीप्रमाणे वेगळे करा. ते व्हॅकपॅकच्या खान्यात मावत नाहीत, व्हॅकपॅकच्या तोंडाला एकेक धरून न्यावे लागतात, वेळ लागला तरी लागू द्या. रिकाम्या कोरॅलना नेट आणि कलेक्टर बसवा, आणि मग ड्राय रीफमधून साधे गुलाबी स्लाइम भरून आणा.