फळमाशी नेमकी कोणती? फोटोवरून ओळखताना

आंबा-पेरूच्या बागेत मिथाईल युजेनॉलचा सापळा लावला की त्यात बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, झोनाटा आणि करेक्टा या तिन्ही फळमाश्यांचे नर येऊ शकतात. तिघींना एकच आमिष चालतं, त्यामुळे सापळ्यावरून जात कळत नाही. माशीच पाहावी लागते.

जुनी, भिजलेली माशी घेऊ नका. तिचा पिवळा रंग काळपट पडलेला असतो. किडक्या फळातून माश्या काढत असाल, तर बाहेर आल्यावर त्यांना २-३ दिवस साखरपाण्यावर ठेवा. नुकती निघालेली माशी फिकट असते आणि तिच्या खुणा उमटलेल्या नसतात. मग डबीत घालून फ्रीजरमध्ये १५ मिनिटं ठेवा.

फोटो पांढऱ्या कागदावर, सावलीतल्या उजेडात काढा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पाठ चकाकते. मोबाईलला चिमट्याचं मॅक्रो भिंग लावा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. पाठ, समोरून चेहरा आणि सुईने पसरलेला पंख असे निदान तीन फोटो हवेत. नुसत्या एका बाजूच्या फोटोवरून नाव सांगणं म्हणजे अंदाजपंचे काम.

सुरुवात पंखापासून करा. पुढच्या कडेची तपकिरी पट्टी टोकापर्यंत सलग गेली असेल, तर डॉर्सॅलिस. पट्टी मध्येच तुटून टोकाला सुटा ठिपका असेल, तर झोनाटा किंवा करेक्टा. या दोघींचा निवाडा चेहऱ्यावर होतो: झोनाटाला मिशांखाली दोन सुटे काळे ठिपके, करेक्टाला तोंडाच्या वर आडवी काळी रेघ. पंखाचं टोक फाटलं असेल, तर ती माशी बाजूला ठेवा, कारण मुख्य खूणच गेलेली असते.

पाठीचा रंग सर्वांत शेवटी बघा. झोनाटाची पाठ तांबूस, करेक्टाची काळी. डॉर्सॅलिसची मात्र काळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत काहीही असू शकते, आणि अशा तांबड्या डॉर्सॅलिसलाच लोक झोनाटा म्हणून मोकळे होतात.

पाठीच्या मधोमधही पिवळी रेघ दिसली, तर ती या तिघींपैकी नाही. काकडी-कारल्यावरची झ्युगोडॅकस कुकर्बिटी असण्याची शक्यता जास्त. तिचे नर क्यू-ल्युअर या वेगळ्या आमिषाला येतात. पिकल्या केळ्यावर घोंघावणारी, लाल डोळ्यांची तीनेक मिलिमीटरची चिलटं तर वेगळ्याच कुळातली.

डॉर्सॅलिसच्या जवळच्या काही जाती मात्र फोटोत वेगळ्या काढता येत नाहीत. २००३ मध्ये केनियात सापडलेली माशी २००५ मध्ये ‘इन्व्हाडेन्स’ या नव्या नावाने नोंदली गेली, आणि २०१५ मध्ये ती डॉर्सॅलिसच ठरली! शंका असेल तिथे ‘डॉर्सॅलिस गट’ एवढंच लिहा आणि माशी फेकू नका. खुणा पुन्हा तपासायच्या तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनए तपासणीला द्यायची तर ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये ठेवा. त्यात रंग उडतो, म्हणून फोटो आधी काढा.