तिबेटी कावळा समजून घेताना या चुका टाळा

कावळा म्हटलं की आपलं डोकं थेट पितृपक्षात जातं. दहाव्याचा पिंड, त्याला न शिवणारा कावळा, आणि मागे उभ्या बायकांची कुजबुज, 'काहीतरी इच्छा राहिली असणार.' हे सगळं सोबत घेऊन माणूस तिबेटी बौद्ध परंपरेच्या लेहला किंवा भूतानच्या थिंफूला पोचतो. गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, छपरावर काळा पक्षी दिसतो आणि तो गाईडला विचारतो, 'तुमच्यातही पितर कावळ्याच्या रूपाने येतात ना?' गाईड मान डोलावतो, कारण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं! मग घरी परतल्यावर ते पक्की माहिती म्हणून फेसबुकवर जातं.

सगळ्यांत मोठी चूक हीच. तिबेटी परंपरेतला कावळा पितरांचा नाही. त्याच्याकडे मुख्यतः दोन कामं आहेत, राखण करणं आणि निरोप आणणं. तिबेटी बौद्ध समजुतीप्रमाणे मेलेला माणूस फार तर ४९ दिवस बार्दो या मधल्या अवस्थेत असतो, मग पुढचा जन्म घेतो. वर्षाच्या वर्षी घास खायला येणारा पितर या हिशेबात बसतच नाही.

यालाच जोडून दुसरी गल्लत होते ती 'आकाश-दफन' म्हणून गाजलेल्या विधीबद्दल. प्रेत पक्ष्यांना देतात हे खरं, पण त्यातला मुख्य पक्षी हिमालयी गिधाड. कावळे येतात ते उरलंसुरलं उचलायला. म्हणून 'तिबेटात प्रेत कावळ्यांना घालतात' असं लिहू नका.

आधी पक्षी तर नीट बघा

तिबेटच्या पठारावरच्या प्रत्येक काळ्या पक्ष्याला 'डोमकावळा' म्हणण्याचा मोह होतो. डोमकावळा तिकडे आहे, पण मुख्यतः पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या जंगलपट्ट्यात. उघड्या, उंच पठारावर जो थोराड पक्षी दिसतो तो रेव्हन. महाराष्ट्रात तो नाहीच, त्यामुळे मराठीत त्याला रोजच्या वापरातलं नावही नाही. भारतात तो राजस्थानसारख्या कोरड्या वायव्य भागात आणि हिमालयाच्या वरच्या अंगाला भेटतो. ओळखायचा असेल तर उडताना शेपूट बघा. रेव्हनची शेपूट पाचरीसारखी मध्ये टोकदार होते, डोमकावळ्याची गोलसर राहते. गळ्याखाली झुबकेदार लांब पिसं असतात, आणि आवाज 'काव काव' नाही, घशातून आलेला खोल 'क्रोंक'.

लाल पायांचे, बारीक चोचीचे, थव्याने वाऱ्यावर कोलांट्या मारणारे काळे पक्षी दिसले तर ते चफ. चोच लाल असलेला एक, पिवळी असलेला दुसरा. पिवळ्या चोचीचा चफ एव्हरेस्टवर गिर्यारोहकांच्या मागे आठ हजार मीटरच्या वर गेलेला आहे. हा कावळ्याच्याच कुळातला, पण तिबेटीत त्याचं नाव वेगळं, क्युंगका. शकुनाच्या किंवा महाकाल या रक्षक देवतेच्या गोष्टीत 'कावळा' येतो तो हा नव्हे.

शब्द सापडत नाही? लिपी तपासा

कावळ्यासाठीचा 'जारोग' हा तिबेटी शब्द ऐकून कोणी तिबेटी कोशात 'ज' उघडला तर हाती काही लागत नाही. कारण लिहितात 'ब्य-रोग', म्हणजे 'ब'ला खाली 'य' जोडून, आणि उच्चार होतो 'जारोग' किंवा ल्हासाकडे 'छारोक'. शोधायचं 'ब'खाली. क्युंगकाचंही तसंच. लेखन 'स्क्युङ-क', पण वर बसलेला 'स' मूळ अक्षर नव्हे, तेव्हा कोशात 'क'खाली बघा. 'फोरोक' आणि 'खाता' हेही कावळ्याचेच शब्द. यातला कुठला फक्त रेव्हनचा आणि कुठला साध्या कावळ्याचा, असा काटेकोर हट्ट धरू नका. बोलणाराही धरत नाही, आणि जुन्या ग्रंथात तर मुळीच नाही.

'खाता'बद्दल मात्र सावध राहा. कावळ्याचा 'खाता' लिहितात 'ख्व-त'. स्वागताला गळ्यात घालतात तो पांढरा रेशमी पट्टा 'ख-ब्तग्स', आणि त्याचाही बोलण्यातला उच्चार 'खाता'च्या जवळ जातो. कानावर विसंबून टिपणं काढलीत तर लामाने पाहुण्याच्या गळ्यात कावळा घातला, असं वाक्य हमखास तयार होईल.

'शुभ की अशुभ?' हा प्रश्नच चुकतो

'तिबेटात कावळा शुभ मानतात' असं एक वाक्य सगळीकडे फिरतं. काही जण नेमकं उलटं लिहितात. दोन्ही अर्धवट.

चीनमधल्या डुनहुआंगच्या गुहेतून फ्रेंच अभ्यासक पॉल पेलिओने १९०८ मध्ये मिळवलेल्या हस्तलिखितांत कावळ्याच्या आवाजावरून शकुन सांगणारं एक तिबेटी हस्तलिखित आहे. तिबेटीचे अभ्यासक बेर्टोल्ड लाउफर यांनी १९१४ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास छापला. त्याची मांडणी पंचांगासारखी आहे. एका बाजूला नऊ दिशा, म्हणजे नेहमीच्या आठ आणि नववी डोक्यावरची. दुसऱ्या बाजूला दिवसाच्या वेळा. कावळा कुठल्या दिशेला, कुठल्या वेळी बोलला, ते बघायचं आणि त्या चौकोनात लिहिलेलं फळ वाचायचं. तोच कावळा सकाळी पूर्वेला एक सांगतो, दुपारी दक्षिणेला भलतंच. फळ वाईट निघालं तर कावळ्याला काय अर्पण करायचं, तेही दिलेलं आहे. शिवाय आवाजाचे प्रकार वेगळे. 'ल्होंग ल्होंग' आला तर चांगलं, 'थग थग' मध्यम, 'क्रग क्रग' म्हणजे लांबून कोणी येतंय, 'क्रोग क्रोग' म्हणजे मित्र येतोय. या मजकुरात कावळा माणसांचा रक्षक आहे आणि देवांचे निरोप पोचवणारा आहे.

'दारात कावळा ओरडला, पाहुणा येणार' म्हणणाऱ्या आपल्या आजीला यातलं निम्मं न शिकवता कळलं असतं. हे साम्य खरं आहे आणि त्यामागे धागाही आहे. तिबेटी तेंग्युर या संग्रहात 'काकजरिति' नावाचा ग्रंथ संस्कृतातून भाषांतरित होऊन गेलेला आहे. त्यात कावळ्यांचे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र असे वर्णसुद्धा पाडलेत! वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही कावळ्याच्या शकुनांवर अख्खा अध्याय आहे. म्हणजे शकुनाच्या बाबतीत आपलं आणि तिबेटचं नातं सांगायला हरकत नाही. पितरांच्या बाबतीत नाही. नेमकी उलट जुळवाजुळव लोक करतात, याचं मला नवल वाटतं.

निरोप्या कावळा नेहमी भलं करतो असंही नाही. गेसर या वीर राजाच्या तिबेटी महाकाव्यात शत्रूपक्षाचा, होरचा, राजा सुंदर राणी शोधायला पक्षी पाठवतो. गेसरची बायको द्रुगमो हिची खबर घेऊन येतो तो कावळा, आणि त्यातून युद्ध पेटतं.

चोच दिसली की गरुड म्हणू नका

गोम्पातल्या गोन्खांगमध्ये, म्हणजे रक्षक देवतांच्या अंधाऱ्या दालनात, चोच असलेली मूर्ती दिसली की आपल्याला गरुडच आठवतो. गरुड तिबेटात आहे, त्याला ख्युंग म्हणतात. त्याला बहुधा शिंगं असतात, पंख पसरलेले असतात आणि चोचीत साप धरलेला असतो. पण अंग माणसाचं, रंग काळा किंवा गर्द निळा, भोवती ज्वाळा, हातात वाकडा सुरा आणि कवटीचं पात्र, आणि तोंड तेवढं कावळ्याचं, असं असेल तर तो महाकाल. संस्कृतात काकमुख, तिबेटीत जारोग दोंगचेन. या दालनात मूर्तींवर अनेकदा पडदा असतो. तो सरकवून फोटो काढायला जाऊ नका, तिथले भिक्षू चिडतात आणि योग्यच चिडतात.

महाकालाशी असलेल्या या नात्यामुळेच कावळा दलाई लामांच्या जन्मकथांत येतो, आणि तिथे दोन कथांची खिचडी होते. दरोडेखोर आले, आईवडील पळाले, आणि परतले तेव्हा तान्ह्या बाळाची राखण करत कावळा उभा होता, ही कथा गेन्दुन द्रुब यांची, जन्म १३९१. त्यांना पहिले दलाई लामा मागाहून म्हणू लागले, कारण ती पदवीच १५७८ मध्ये तिसऱ्यांना मिळाली. सध्याच्या चौदाव्या दलाई लामांची गोष्ट साधी आहे. १९३५ मध्ये तक्त्सेर या गावी त्यांचा जन्म झाल्यानंतर कावळ्यांची एक जोडी रोज सकाळी छपरावर येऊन बसायची, हे घरच्यांना नंतर आठवलं. त्यात दरोडेखोर नाहीत.

भूतानचा मुकुट तिबेटच्या नावावर लावू नका

कावळ्याचं डोकं असलेला मुकुट भूतानच्या राजाचा. रेव्हन हा भूतानचा राष्ट्रीय पक्षी. मुळं एकच आहेत, कारण धर्मगुरू झाबद्रुंग न्गावांग नामग्याल १६१६ मध्ये तिबेटमधल्या रालुंगहून भूतानात आले आणि कावळ्याच्या रूपातल्या महाकालाने त्यांना वाट दाखवली, अशी श्रद्धा आहे. पण तिबेटात असा राजमुकुट नव्हता.

माहिती तपासून घ्यायला ल्हासाच गाठायला हवं असंही नाही. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथल्या झाडावर गावकावळाच बसलेला असणार, त्यामुळे सोबत रेव्हनचा फोटो न्या. आणि 'तुमच्यातही असंच असतं ना?' असं न विचारता 'हा ओरडला की तुमच्याकडे काय म्हणतात?' असं विचारा.