चांद्याले जाऊनच राहिले तर एक दिवस परकोटासाठी काढा

आमच्या मूल-सिंदेवाहीकडच्या माणसाले चंद्रपूर म्हणजे दवाखाना, कचेरी नाहीतर लग्नाचे कपडे. 1964 मधे नाव बदललं तरी आमची म्हातारी माणसं अजून चांदाच म्हणतात, आणि रेल्वेनं पण एका स्टेशनचं नाव चांदा फोर्टच ठेवलंय. गोंदिया-बल्लारशा लाइनवरच्या त्या स्टेशनवर आमच्या पोट्ट्यानं पाटी वाचून विचारलं, बाबा, फोर्ट कुठाय? मी वीस वर्षं तिथं उतरून राहिलो होतो, पण मला बोटानं दाखवता येईना. नंतर तीन-चार चकरा मारून जे जमलं ते लिहून ठेवतो, लेकरं घेऊन जाणाऱ्याले कामात येईल.

आधी एक समजून घ्या, चांद्याचा किल्ला डोंगरावर नाही, तो अख्ख्या जुन्या शहराभोवतीचा परकोट, म्हणजे तटाची भिंत आहे. पश्चिमेले इरई, पूर्वेले झरपट, दोन्ही नद्या दक्षिणेले एकमेकींत मिसळतात आणि मधात गाव. चार मोठे दरवाजे, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा, आणि पाच खिडक्या म्हणजे लहान दारं, त्यांची नावं चोर खिडकी, मसण खिडकी, विठोबा, हनुमान आणि बगड. हे चार दरवाजे लेकरांकडून गाडीतच पाठ करून घ्या, मग दिवसभर तेच शोधत फिरतात, तुम्हाले ओढावं लागत नाही.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात चांद्याचं ऊन काय असते ते विदर्भातल्या माणसाले सांगाची गरज नाही. चैत्र पौर्णिमेची महाकालीची यात्रा बघाची असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा नांदेडकडून, मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसं येतात, पोतराज, डफडी, सगळं असते. पण त्या गर्दीत परकोट बघणं होत नाही, यात्राच बघा.

सुरुवात जटपुऱ्यापासून करू नका. सगळे तिथूनच करतात आणि तिथल्या ट्रॅफिकमधे अर्धा जीव जातो. ऑटोवाल्याले सरळ अंचलेश्वर गेट सांगा आणि तिथून पठाणपुरा, मग बिनबा असं जा, म्हणजे आपोआप प्रदक्षिणा होते, शहर उजव्या हाताले. पूर्ण फेरी पायी एका दिवसात लेकरांना झेपत नाही, मधात मधात ऑटो करा, लाजू नका.

गेटजवळ आलं की वर बघा, बाजूच्या भिंतीत दगडात कोरलेला सिंहासारखा प्राणी दिसेल आणि त्याच्या पायाखाली हत्ती. तो सिंह हत्तीपेक्षा मोठा काढलाय, पोट्टे हसतात. हे गोंड राजांचं चिन्ह आहे, एकदा ओळखता आलं की बाकीच्या गेटवर लेकरंच आधी बोट दाखवतात. आमच्या मामाजींनी त्या दगडावर हात फिरवला, म्हणे एवढ्या वर्षाचा दगड अजून धारदार आहे, आणि आमच्या घराचं प्लास्टर तिसऱ्या पावसाळ्यात सुटलं.

अंचलेश्वराच्या देवळात गोष्ट सांगाले बसा, जागा तिथलीच आहे. बल्लारपूरचा राजा खांडक्या बल्लाळशा, अंगभर खांडकं म्हणून हे नाव, शिकारीत तहान लागली म्हणून झरपटीच्या पात्रातल्या एका खड्ड्यातलं पाणी प्याला, तोंड धुतलं आणि अंग बरं झालं म्हणतात. मग दुसरी गोष्ट, कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्याच मागं लागला, आणि ते दोघं जिथून जिथून धावले तिथून परकोट बांधला. खरं-खोटं सोडा, पण काम एका राजाच्या काळात संपलं नाही, पिढ्या लागल्या. देवळाच्या भिंतीवरचे कोरीव दगड जवळ जाऊन बघा. तिथंच गोंड राजांच्या समाध्या आहेत, सगळ्यात मोठी बीरशहाची, ती त्याच्या राणीनं, हिराईनं बांधली. नवरा मारला गेल्यावर अठराव्या शतकाच्या सुरुवातीले हिनंच दत्तक मुलाच्या नावानं कारभार पाहिला, महाकालीचं देऊळ पण तिचंच. आमच्या शाळेत झाशीची राणी होती, हिराईचं नाव कोणी काढलं नाही, याचा मला अजून राग आहे.

झरपट बघून मन खराब होईल हे आधीच सांगतो. जिच्या पाण्यानं राजा बरा झाला तिच्यात आता जलपर्णी आणि नाल्याचं पाणी.

तिथून लालपेठ. उघड्यावर मोठमोठ्या अखंड दगडी मूर्त्या पडल्या आहेत, दहा तोंडांची देवी, शंकराची पिंड. रायप्पा कोमटी नावाच्या माणसाले मोठं देऊळ बांधायचं होतं, तो आधीच गेला आणि मूर्त्या तशाच राहिल्या असं सांगतात. आमचा पोट्टा दहा तोंडं मोजून रावण रावण करत होता, बसून देवी आहे म्हणून समजावलं.

पठाणपुरा गेटबाहेर पावसाळ्यात जाऊ नका, इरईले पूर आला की तो रस्ता पाण्याखाली जाते. भिंतीवर चढता येते त्या ठिकाणी चढा, पण कडेले जाऊ नका, दगड निसटले आहेत. आधी तर काटेरी झुडपांनी भिंत दिसतच नव्हती, 2017 पासून इको-प्रो या इथल्या संस्थेच्या पोरांनी हातानं साफसफाई केली म्हणून आपण चालून राहिलो. गोंड राजांनंतर इथं आलेल्या नागपूरच्या भोसल्यांकडून 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून हेच शहर घेतलं, हे भिंतीवर उभं राहून सांगितलं तर लेकरांना लवकर समजते.

ऑक्टोबरमधे जाणार असाल तर दोन तारखा लक्षात ठेवा. 16 ऑक्टोबर 1956 ले बाबासाहेबांनी नागपूरनंतर इथं धम्मदीक्षा दिली, त्या दिवसांत दीक्षाभूमीवर पाय ठेवाले जागा नसते. आणि 21 ऑक्टोबर 1858 ले इंग्रजांशी लढलेल्या बाबुराव शेडमाक्यांना इथंच फाशी दिली, जेलच्या आवारातल्या पिंपळाजवळ लोक अभिवादनाले येतात.

शेवटी बिनबा गेट, ऊन उतरताना. तिकडं इरईकडे गर्दी कमी असते, शिदोरी तिथंच सोडा. भाकर, ठेचा, वांग्याची भाजी घरून न्या, तर्री पोहे सकाळीच खाऊन घ्या. परतीच्या पॅसेंजरचा टाइम सकाळी उतरतानाच स्टेशनवर विचारून ठेवा. आमची एकदा चुकली होती, मग शेवटच्या एसटीत मूलपर्यंत उभ्यानं, झोपलेला पोट्टा खांद्यावर घेऊन.