बीपी उतरलं, मग छातीत कळ का आली?

फार्माकॉलॉजीच्या सुरुवातीला मी बीपीच्या औषधांचा मोठा तक्ता केला होता. गट, मात्रा, दुष्परिणाम, सगळं तोंडपाठ. तोंडी परीक्षेत विचारलं, "अंजायनाच्या रुग्णाला नुसतं हायड्रालाझिन दिलं. बीपी खाली आलं आणि छातीत कळ आली. का?" अंजायना म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याने छातीत येणारी कळ, हायड्रालाझिन म्हणजे धमन्या सैलावून बीपी उतरवणारं औषध. बीपी कमी म्हणजे हृदयावरचा ताण कमी, एवढंच मी घोकलं होतं. गप्प उभा राहिलो.

उत्तर सापडलं ते फिजिऑलॉजीत, जी मी पास होताच कपाटात टाकली होती. डाव्या व्हेंट्रिकलच्या (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याच्या) स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः डायस्टोलमध्ये, म्हणजे दोन आकुंचनांमध्ये हृदय सैल असताना, कारण आकुंचन पावताना तो स्वतःच्याच रक्तवाहिन्या आवळतो. ठोके मिनिटाला 75 असतील तर एका ठोक्याच्या 0.8 सेकंदातले साधारण 0.53 सेकंद डायस्टोलचे. ठोके 200 झाले की उरतात 0.14. शिवाय रक्त ढकलायला दाब लागतो: महाधमनीतला डायस्टोलिक दाब 80 मिमी पारा, व्हेंट्रिकलमधला 10, तर हाताशी 70. दाब घसरला तर निरोगी धमनीच्या बारीक शाखा रुंदावून भरपाई करतात. पण चिंचोळ्या झालेल्या धमनीच्या पुढच्या शाखा आधीच रुंदावून बसलेल्या असतात. वर हा स्नायू विश्रांतीतही रक्तातला 70 ते 75 टक्के ऑक्सिजन काढून घेतो, म्हणजे तिथेही फारशी शिल्लक नाही.

आता हायड्रालाझिन बघा. दाब पडतो, बॅरोरिसेप्टर (धमन्यांतला दाब ओळखणारे संवेदक) जागे होतात, ठोके वाढतात. मागणी वाढली आणि पुरवठ्याची वेळ घटली. रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या, झटपट काम करणाऱ्या निफेडिपिनचंही तेच. त्याची कॅप्सूल जिभेखाली देण्याची पद्धत मागे पडली ती उगाच नाही. ठोके आणि आकुंचनाचा जोर कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गटाचं गणित उलटं. जेम्स ब्लॅक यांनी पुरवठा वाढवण्याऐवजी हृदयाची मागणी कमी करायची ठरवली, त्यातून 1960च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर आलं. 1988च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मात्र बीटा ब्लॉकर एकदम बंद केलं तर अंजायना उसळतो. हे परीक्षेत हमखास विचारतात, वॉर्डातही विसरू नका.

तर तक्ता कराच, पण प्रत्येक औषधापुढे दोन रकाने वाढवा: ठोक्यांचं काय होतं, डायस्टोलिक दाबाचं काय होतं. मी तिसराही ठेवतो, व्हेंट्रिकलमधल्या त्या 10 साठी. नायट्रेट हे अंजायनाचं औषध तिथेच कामाला येतं: शिरा सैलावतात, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, 10 खाली येतो. फक्त पहिल्या रकान्यात त्याचेही ठोके वाढलेलेच दिसतील, म्हणून जोडीला बहुधा बीटा ब्लॉकर असतं.