उल्केचे काळे तुकडे जमवताय? या चुका टाळा

दर पावसाळ्यात कोणीतरी फोटो पाठवतंच, डबीत काळी पूड आणि खाली "दादा हे असं का झालं?" अरे होणारच ना! कार्बनी उल्का (कार्बन असलेली, काळी) म्हणजे दगड, हे आधी डोक्यातून काढा. मर्चिसन किंवा आग्वास झारकास (कोस्टा रिकात पडलेली) या कार्बनी उल्कांचा तुकडा म्हणजे चिकणमाती दाबून वाळवल्यासारखा प्रकार.

मीही काही शहाणा नव्हतो. माझा पहिला मर्चिसन 0.6 ग्रॅमचा, हरभऱ्याएवढा. 1969 ला ऑस्ट्रेलियात पडला, अमिनो आम्लं सापडली तोच. चिपळूणचा जुलै, आणि मी येईल त्या पाहुण्याच्या तळहातावर तो ठेवतोय. मग बोटांचा तेलकट डाग दिसला म्हणून नळाखाली धरून टूथब्रश फिरवला, एक कोपरा सुटला, बेसिनमध्ये काळं पाणी, साडेचार अब्ज वर्षं टिकलेला ऐवज दोन मिनिटांत मोरीत. सुकवून वजन केलं तर 0.41. बायको म्हणे, "कोळसाच होता ना?"

तेव्हापासून घट्ट झाकणाची काचेची डबी, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी, दाणे गुलाबी झाले की बदलायची, आणि हात नाही, प्लास्टिकचा चिमटा. फ्रान्समध्ये 1864 ला पडलेल्या ऑर्गेईलमध्ये म्युझियमच्या कपाटातल्या दमट हवेनं पांढऱ्या क्षारांच्या शिरा वाढल्या, तर कोकणात काय होईल बघा.

दुसरं, लोहचुंबक. "लोणारचा दगड आहे, चुंबकाला चिकटतो!" चिकटेल की, आपल्या बेसॉल्टमध्येच मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज) असतं, त्यात उल्का कुठून आली? आणि खऱ्या तुकड्याला तो निओडिमियमचा जाडजूड चुंबक लावलात तर त्यातली मूळ चुंबकीय नोंद (जुन्या चुंबकीय क्षेत्राची उल्केत राहिलेली खूण) पुसली जाते, पुन्हा मिळत नाही. उल्का ओळखायचा हा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही.

बाकी पटापट: फेविक्विक लावू नका. विकणाऱ्याचं लेबल फेकू नका, त्याशिवाय तुमचा तुकडा म्हणजे शेगडीतला कोळसा. 0.001 ग्रॅमचा काटा घ्या. मुकुंदपुरा उल्का (जयपूरजवळ 2017 ला पडलेली) कोणी "स्वस्तात" देत असेल तर लांब राहा, भारतात पडलेल्या उल्का जीएसआयकडे (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) जातात.

आणि नवीन पोरांना पहिल्याच महिन्यात ऑर्गेईल हवा असतो! अरे, आधी आयेंदे घ्या, मेक्सिकोत 1969 लाच पडला, दोन टनांच्या आसपास सापडला, त्यामुळे त्यातल्या त्यात परवडतो आणि हाताळायला टणक आहे. तो एक पावसाळा नीट सांभाळा, मग मला मेसेज करा.